ओपनिंगमधली चूक पकडायची कशी? बुद्धिबळ शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे रॅपिड स्पर्धा चालूच असते. हॉलमध्ये मुलं, बाहेर डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेले आईबाबा. पहिली फेरी सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच एखादं मूल बाहेर येतं आणि सांगतं, "ट्रॅपमध्ये अडकलो." खालचे प्रश्न बरेचसे त्या दाराबाहेरचे, काही वर्गातल्या मुलांचे, तर काही लोकलमध्ये मोबाइलवर खेळणाऱ्या नोकरदारांचे आहेत.

वाचताना पट मांडून बसा, नुसतं डोळ्यांनी वाचून यातलं काही हाती लागणार नाही. घराचं नाव म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या उभ्या पट्ट्या आणि त्याच्या बाजूने वर १ ते ८ या आडव्या ओळी. नुसतं "ई४" लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. बाकी मोहऱ्यांचं नाव आधी येतं. "×" म्हणजे मारलं. तीन टिंबांनंतर आलेली चाल काळ्याची. "?" म्हणजे चूक, "??" म्हणजे घोडचूक, "?!" म्हणजे शंकास्पद चाल, "!" म्हणजे छान चाल.

साधी वाईट चाल आणि टॅक्टिकल चूक, फरक काय?

वाईट चालीने डाव थोडा अवघड होतो. टॅक्टिकल चुकीने दोन-चार चालींत मोहरं, वजीर नाहीतर राजा जातो, आणि समोरच्याने बरोबर खेळलं तर ते टाळता येत नाही. दोन्ही एकाच डावात बघा. १. ई४ ई५ २. वजीर एच५. वजीर इतक्या लवकर बाहेर काढणं वाईटच, पण त्यामुळे पांढऱ्याचं काही जात नाही. आता काळ्याने वजिराला हाकलायला घाईघाईत २...जी६?? केलं की ३. वजीर×ई५ शह, आणि त्याच वजिराची तिरकी नजर एच८च्या हत्तीवर. शह वाचवला की हत्ती गेला. इथे काळ्याने आधी २...घोडा सी६ खेळून ई५चं प्यादं राखायचं असतं.

समोरच्याने चूक केली हे कळणार कसं? कोणी येऊन सांगत तर नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. याचं उत्तर ट्रॅपच्या व्हिडिओंमध्ये मिळत नाही. कोडं सोडवताना वर लिहिलेलं असतं, "पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात." म्हणजे पटावर काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं. डावात मात्र समोरचा घड्याळ दाबतो आणि मख्खपणे बसून राहतो.

त्याची चाल झाली की बहुतेक जण एवढंच बघतात, की मोहरं कुठे आलं आणि ते कशावर चालून येतंय. ते कुठून उठलं हे कोणी बघत नाही. उठण्याआधी ते काय राखत होतं? त्याच्या जाण्याने कोणाची वाट मोकळी झाली? कोणाची वाट अडली? ओपनिंगमधल्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींतल्या, निम्म्याहून जास्त चुका या तीन प्रश्नांतच सापडतात असं माझं मत आहे.

दुसरं, ओपनिंगमध्ये घात होण्याच्या जागा फार नसतात. एफ७ आणि एफ२ ही घरं सुरुवातीला फक्त राजाच राखतो. राजा मधोमध असतो, त्यामुळे ई-पट्टी उघडली की शह आणि पिन सुरू होतात (पिन म्हणजे मागच्या राजामुळे किंवा वजिरामुळे मोहरं जागेवर खिळणं). आणि एखादं मोहरं बेवारस उभं असतं, म्हणजे त्याच्या मागे कोणीच नसतं. बेवारस मोहरं दिसलं की ताबडतोब विचारायचं, की एकाच चालीत राजाला शह आणि या मोहऱ्यावर हल्ला, असं काही आहे का? पुढची जवळजवळ सगळी उदाहरणं याच दोन-तीन गोष्टींची रूपं आहेत. नावं वेगळी, घरं वेगळी, घात तोच.

मुलगा शाळेच्या स्पर्धेत चार चालींत हरून आला. काय करायचं?

हा स्कॉलर्स मेट. १. ई४ ई५ २. उंट सी४ घोडा सी६ ३. वजीर एच५ घोडा एफ६?? ४. वजीर×एफ७ मात. मुलाने घोड्याने वजिरावर हल्ला केला आणि त्याला वाटलं आपणच जिंकतोय. समोरच्या वजिराची नजर दोन ठिकाणी होती, ई५च्या प्याद्यावर आणि एफ७वर. ई५ सी६च्या घोड्याने राखलेलं होतं, खरी धमकी एफ७वर होती. ती न थांबवता त्याने भलतंच काहीतरी केलं.

उपाय ३...जी६. मग ४. वजीर एफ३ आला, म्हणजे तीच धमकी पुन्हा, की ४...घोडा एफ६. आता काळ्याची दोन मोहरी बाहेर आहेत आणि पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याचं घर अडवून बसलाय. मुलाला हे एकदा पटावर खेळू द्या, पुन्हा त्या पद्धतीने हरणार नाही. पण त्यालाच हा डाव शिकवून इतरांवर खेळायला लावू नका. पहिल्या दोन फेऱ्यांत गुण मिळतात, तिसऱ्या फेरीत ३...जी६ माहीत असलेली मुलं भेटतात आणि मग याला पुढचं काहीच येत नसतं.

पेट्रॉफ बचावात त्याने आपलं प्यादं मारलं तर आपणही त्याचं मारायचं ना?

लगेच नाही. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा×ई५ घोडा×ई४?! ४. वजीर ई२. काळ्याच्या घोड्यावर हल्ला झाला म्हणून तो मागे घेतला, ४...घोडा एफ६??, की ५. घोडा सी६. घोडा सरकताच मागच्या वजिराचा राजाला शह उघडतो, आणि घोडा डी८च्या वजिरावर चालून जातो. शह वाचवण्यातच काळ्याची चाल खर्ची पडते. वजीर गेला. म्हणून आधी ३...डी६ करून घोड्याला हाकलायचं, तो एफ३ला परतला की मग ई४चं प्यादं मारायचं.

हे "फक्त मुलांचं" आहे असं समजू नका. १९८८ साली, म्हणजे ज्या वर्षी विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या बीलच्या स्पर्धेत कोलंबियाच्या अलोन्सो झपाटाविरुद्ध तो याच बचावात अडकला. ३...डी६ ४. घोडा एफ३ घोडा×ई४ ५. घोडा सी३ उंट एफ५?? ६. वजीर ई२, आणि आनंदने डाव सोडला. सहाव्या चालीला! का, ते पटावर मांडून बघा. ई४चा घोडा आता राजापुढे पिन झालाय. ६...डी५ने त्याला आधार दिला तर ७. डी३, पिन झालेला घोडा पळू शकत नाही. ६...वजीर ई७ केलं तर ७. घोडा डी५, वजिरावर हल्ला, आणि वजीर ई-पट्टीवरच राहून घोडा राखायला गेला की सी७वर शहासकट फोर्क, म्हणजे एकाच घोड्याचा राजा आणि वजीर दोघांवर हल्ला. सरळ ५...घोडा×सी३ केलं असतं तर काहीच झालं नसतं.

गंमत म्हणजे ५...उंट एफ५ आदल्याच वर्षी माइल्स आणि ख्रिस्तियानसन यांच्या डावात खेळली गेली होती. माइल्सने तिचा फायदा घेतला नाही, डाव बरोबरीत सुटला आणि चाल छापून आली. छापलेली चाल म्हणजे तपासलेली चाल नव्हे. आज पुस्तकाच्या जागी मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आलाय, एवढाच बदल.

घोडा पिन झालाय म्हणजे तो हलू शकत नाही ना?

राजापुढे पिन असेल तर नियमानेच हलू शकत नाही. वजिरापुढे पिन असेल तर हलू शकतो, फक्त वजीर जातो. आणि वजीर देऊन मात होत असेल तर तो जाऊ द्यायचा. अठराव्या शतकात पॅरिसच्या लेगालने दाखवलेली ही मात प्रत्येक वर्गात एकदा तरी होतेच. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६? ५. घोडा×ई५! काळा वजीर बघून हरखतो. ५...उंट×डी१?? ६. उंट×एफ७ शह, राजा ई७ ७. घोडा डी५ मात. काळ्याने मोह आवरून ५...डी×ई५ खेळलं तर ६. वजीर×जी४, पांढऱ्याचं एक प्यादं जास्त, एवढ्यावर सुटका.

आता खरी मेख इथे आहे. काळ्याचा घोडा सी६वर असेल तर हीच चाल पांढऱ्याची घोडचूक ठरते. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ डी६ ४. घोडा सी३ उंट जी४ ५. घोडा×ई५?? घोडा×ई५. या घोड्याने जी४चा उंटही राखला आणि सी४च्या उंटावरही चाल केली. पांढऱ्याचं एक मोहरं गेलं, हाती फक्त एक प्यादं.

मग त्याच स्थितीत पांढऱ्याने आधी ५. एच३ विचारलं आणि काळ्याने उंट एच५? असा मागे घेतला तर? पुन्हा ६. घोडा×ई५! चालते. ६...घोडा×ई५ ७. वजीर×एच५ घोडा×सी४ ८. वजीर बी५ शह, आणि पुढच्या चालीत सी४चा घोडा परत मिळतो. पांढरा एका प्याद्याने पुढे. कारण काय? ई५चा घोडा जी४वरच्या उंटाला राखू शकतो, एच५वरच्या उंटाला नाही.

पाठांतर कुठे कमी पडतं ते या तीन डावांत दिसतं. चाल एकच, घोडा×ई५. एकदा डाव जिंकते, एकदा हरवते, एकदा प्यादं मिळवून देते. ठरवतं कोण, तर बेवारस मोहरं कोणाचं आणि ते राखायला कोण पोचतं.

इटालियनमध्ये घोडा जी५वर आला की घाबरायला होतं.

आधी बघा तुमचा घोडा एफ६वर आहे की नाही. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ नंतर कोणी ४. घोडा जी५?? केलं तर ४...वजीर×जी५, फुकटचा घोडा. डी८पासून जी५पर्यंतची वाट मोकळी आहे. मुलं हेही सोडून देतात, कारण घोडा जी५वर दिसला की ती एफ७कडेच बघत बसतात.

३...घोडा एफ६ खेळल्यावर मात्र ती वाट घोड्यानेच अडते, आणि ४. घोडा जी५ ही खरी धमकी होते. ४...डी५ ५. ई×डी५ आणि इथे हात आपोआप डी५चं प्यादं मारायला जातो. ५...घोडा×डी५? ६. घोडा×एफ७! राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह. आता राजावर शह आहे आणि डी५चा घोडा उंट-वजीर दोघांच्या माऱ्यात. तो राखायला राजाला ई६वर, पटाच्या मध्यभागी यावं लागतं. सोसायटीच्या दोन गेटांना एकच वॉचमन, तशी त्या राजाची गत. संगणक काळ्याला वाचवून दाखवेलही, पण चौदाशे रेटिंगच्या खेळाडूने घड्याळ चालू असताना तो प्रयोग करू नये. ५...घोडा ए५ खेळा, सी४च्या उंटाला हाकला, प्यादं जाऊ द्या. त्या प्याद्याच्या बदल्यात काळ्याची मोहरी भराभर बाहेर येतात.

समोरच्याने प्यादं फुकट ठेवलं तर मारू की नको?

मारण्याआधी त्याच्या जागी बसा आणि त्याची पुढची शहाची चाल शोधा. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा डी४?! ई५चं प्यादं उघडं पडलंय. ४. घोडा×ई५? वजीर जी५! एकाच वेळी ई५चा घोडा आणि जी२चं प्यादं. ५. घोडा×एफ७? वजीर×जी२ ६. हत्ती एफ१ वजीर×ई४ शह ७. उंट ई२ घोडा एफ३ मात. पांढऱ्याने ४. घोडा×डी४ ई×डी४ ५. किल्लेकोट एवढं साधं खेळलं तरी त्याचा डाव चांगला. ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे अगदी झटपट डावांत, हा सापळा इतका बोकाळलाय, की तिसऱ्या चालीला घोडा डी४वर आला की समजून जायचं, समोरचा मासेमारीला बसलाय.

कारो-कान तर भक्कम म्हणतात, त्यात कसली मात?

सहा चालींतली. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ घोडा डी७ ५. वजीर ई२. वर्गात ही स्थिती मांडली की कोणीतरी हमखास हसतं: "सर, यांचा उंट कसा निघणार?" बरोबर आहे, ई२वरचा वजीर स्वतःच्या उंटाला कोंडतो. मग पांढऱ्याने ही विचित्र चाल का केली? हा प्रश्न न विचारता ५...जीच्या बाजूचा घोडा एफ६?? केला की ६. घोडा डी६ मात. ई७चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण ते सरकलं तर राजा वजिराच्या तोंडी. राजाच्या बाकी सगळ्या घरांवर त्याचीच माणसं. समोरच्याने कुरूप चाल केली की हसण्याआधी थांबावं, कुरूप चालीमागे बहुधा एखादी धमकी असते.

हीच मात उलट्या बाजूने बुडापेस्ट गँबिटमध्ये येते (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊ करणं). १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घोडा जी४ ४. उंट एफ४ घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४ शह ६. बीच्या बाजूचा घोडा डी२ वजीर ई७ ७. ए३ जी४चा घोडा×ई५. पांढऱ्याला बी४चा उंट फुकट दिसतो, ८. ए×बी४?? घोडा डी३ मात. ई२चं प्यादं पिन. ज्याला कारो-कानची मात नीट कळली, त्याला ही कोणी शिकवावी लागत नाही.

फ्रेंचमध्ये डी४चं प्यादं कधी मारायचं?

उंट डी७वर आल्यावर. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सी×डी४ ७. सी×डी४. डी४वर काळ्याचे दोन मारेकरी, राखणारा एकच घोडा, म्हणजे हिशेबाने प्यादं आपलं. ७...घोडा×डी४?? ८. घोडा×डी४ वजीर×डी४ ९. उंट बी५ शह, आणि उंटामागे उभ्या असलेल्या पांढऱ्या वजिराची डी-पट्टी उघडते. काळ्याचा वजीर गेला. ७...उंट डी७ आधी केलं की बी५चा शह उरत नाही, आणि मग प्याद्यावरची धमकी खरी होते. "किती मारणारे, किती राखणारे" हा हिशेब बरोबरच आहे, पण मध्ये एखादा शह घुसला की सगळी बेरीज कोलमडते.

सिसिलियनमध्ये इतक्या लाइन्स आहेत, चूक ओळखायची तरी कशी?

लाइन्स सोडा, दोन चित्रं लक्षात ठेवा.

पहिलं: १. ई४ सी५ २. घोडा एफ३ डी६ ३. सी३ घोडा एफ६ ४. उंट ई२. ई४चं प्यादं विसरले की काय? ४...घोडा×ई४?? ५. वजीर ए४ शह. चौथ्या ओळीवर वजिरापासून घोड्यापर्यंत मधे कोणी नाही. डी-प्यादं सरकलंय, सी३ सरकलंय, ए४चा शह येऊ शकतो, आणि ई४चा घोडा बेवारस. सी३ झालं की वजिराला ए४ची वाट मिळते, ही खूणगाठ बांधून ठेवा.

दुसरं मोरा गँबिटमधलं: १. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. घोडा×सी३ डी६ ५. उंट सी४ घोडा एफ६? ६. ई५! डी×ई५?? ७. उंट×एफ७ शह, राजा×एफ७ ८. वजीर×डी८. डी-पट्टी उघडली आणि काळ्याच्या वजिराला राखणारा फक्त राजा होता. त्याला एफ७वर ओढून नेलं. घोडा आधी सी६वर असता तर डी८ राखायला तो पोचला असता.

डी४ खेळलं की असले ट्रॅप नसतात ना?

असतात, जरा उशिरा येतात. वजिराच्या गँबिटमध्ये १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ बीच्या बाजूचा घोडा डी७ ५. सी×डी५ ई×डी५. एफ६चा घोडा वजिरापुढे पिन, म्हणजे डी५चं प्यादं फुकट? ६. घोडा×डी५? घोडा×डी५! ७. उंट×डी८ उंट बी४ शह. पांढऱ्याला वजीर मधे घालण्यावाचून चाल नाही. ८. वजीर डी२ उंट×डी२ शह ९. राजा×डी२ राजा×डी८, काळा एका मोहऱ्याने पुढे. लेगालची मात आठवली? पिन तीच, मालक बदलला.

गँबिट स्वीकारून प्यादं धरून ठेवायचा हट्टही महागात पडतो: २...डी×सी४ ३. ई३ बी५? ४. ए४ सी६? ५. ए×बी५ सी×बी५? ६. वजीर एफ३, आणि ए८च्या कोपऱ्यापर्यंत तिरकी वाट साफ. काळ्याने मधे काहीही घातलं तरी एक मोहरं जातंच.

लंडन सिस्टिमवाल्यांनी, म्हणजे डी४नंतर लवकर उंट एफ४वर काढणाऱ्यांनी, बी२कडे लक्ष ठेवावं. सी१चा उंट गेला की ते प्यादं अनाथ होतं. एंग्लंड गँबिट त्यावरच जगतो: १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजीर×बी२ ६. उंट सी३?? उंट बी४! ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१ मात. सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी३वर आणा. मग काळ्याचा वजीरच बी२वर अडचणीत येतो.

स्पॅनिशमध्ये उंट कसा काय अडकतो?

प्याद्यांच्या भिंतीत. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ ए६ ४. उंट ए४ डी६ ५. डी४ बी५ ६. उंट बी३ घोडा×डी४ ७. घोडा×डी४ ई×डी४ ८. वजीर×डी४?? सी५ ९. वजीर डी५ उंट ई६ १०. वजीर सी६ शह, उंट डी७ ११. वजीर डी५ सी४. बी३चा उंट कोंडला. आठव्या चालीला ८. सी३ किंवा ८. उंट डी५ करायचं.

मग सगळे ट्रॅप पाठ करून टाकू?

नको. वर दिलेले पुरेसे आहेत, तेही पाठ करायला नव्हे, तर प्रत्येकात "नेमकं काय बेवारस होतं" हे तोंडाने सांगता यावं म्हणून. ट्रॅपचे कोर्स विकणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं, चालू दे. पण ट्रॅप लावण्यासाठी स्वतःची चाल बिघडवणं मला पटत नाही. ३...घोडा डी४सारख्या चालीत समोरचा चुकला नाही तर वाईट डाव तुमच्या गळ्यात पडतो.

इंजिनने, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने, लाल खूण दाखवली की झालं ना विश्लेषण?

तिथे सुरू होतं. स्टॉकफिशसारखं इंजिन तुम्हाला काय सांगतं, तर आकडा. साधारण एक म्हणजे एका प्याद्याइतका फरक, तीन म्हणजे मोहऱ्याइतका. का, ते सांगत नाही. म्हणून डाव संपल्यावर इंजिन बंद ठेवून एकदा पूर्ण डाव पटावर परत खेळा आणि जिथे शंका येते तिथे वहीत खूण करा. मग लिचेस या वेबसाइटवर तोच डाव फुकट तपासता येतो. तुमच्या खुणा आणि त्याच्या खुणा जुळतात का बघा. जुळत नसतील तिथे शिकण्यासारखं आहे.

मुंबईच्या वासंती खाडिलकर १९७४ साली देशातल्या पहिल्या महिला राष्ट्रीय विजेत्या झाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणी जयश्री आणि रोहिणीही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या, रोहिणी तर १९८१ साली आशियाई विजेत्याही. त्या काळात घरी इंजिन नव्हतं. डाव तपासायचा तर समोर माणूस, पट आणि वेळ हवा. त्या पद्धतीतला वेळ आजही उपयोगी पडतो.

अंधेरी ते चर्चगेट रोज ब्लिट्झ खेळतो. त्याने सुधारेन?

हात सुटेल, डोळा फारसा नाही. तीन मिनिटांच्या डावात तुम्ही सवयीने खेळता, आणि सवयच चुकीची असेल तर ती पक्की होते. त्यापेक्षा जाताना दोनच डाव दहा मिनिटांचे खेळा आणि येताना तेच उघडून पहिल्या बारा चाली बघा. चौथी सीट मिळाली तरी पुरे.

स्पर्धेत प्रत्येक चालीला इतका विचार करायला वेळ कुठे असतो?

प्रत्येक चालीला करायचाच नाही. ओळखीच्या चाली भराभर खेळा. समोरच्याने काहीतरी अनोळखी केलं, काही फुकट ठेवलं, किंवा पटावर पहिली मारामारी होणार असेल, की तिथे दोन मिनिटं काढा. पंधरा मिनिटांच्या डावात असे दोन-तीनच प्रसंग ओपनिंगमध्ये येतात.

आणि हात मांडीखाली ठेवा. मुलांना हे शब्दशः करायला सांगतो. मोहऱ्याला हात लावला की ते खेळावंच लागतं, खरोखर अपघाताने धक्का लागला नसेल तर "चुकून लागला" चालत नाही, पंच लगेच येतात. पूर्वी काही जण चाल आधी कागदावर लिहून, मग पुन्हा पटाकडे बघून खेळायचे. आता नियमाने तसं लिहिता येत नाही, आधी खेळायचं, मग लिहायचं. त्यामुळे तो शेवटचा कटाक्ष टाकायची आठवण स्वतःच ठेवावी लागते.

मुलीला चूक दिसते, पण खेळून झाल्यावर. हे कसं बदलायचं?

तिला चूक दिसते, म्हणजे डोळा ठीक आहे. क्रम उलटा आहे. घरी खेळताना तिला चाल करण्याआधी मोठ्याने एकच वाक्य बोलायला लावा: "मी हे केलं तर त्यांचा शह कुठून?" पहिले काही दिवस ती वैतागेल. मग मनातल्या मनात बोलायला लागेल. शहांची संख्या सहसा थोडी असते, दोन नाहीतर तीन, त्यामुळे याला वेळही लागत नाही.

आणि चूक माझ्याकडूनच झाली तर? डाव सोडायचा?

आनंदने सोडला कारण समोर ग्रँडमास्टर होता. दहा वर्षांखालच्या गटात किंवा सोसायटीच्या स्पर्धेत सोडू नका. पहिलं काम, दुसरी चूक न करणं. पेट्रॉफमध्ये ३...घोडा×ई४ खेळून बसलात आणि ४. वजीर ई२ आला, तर घोडा वाचवायचा नाद सोडा. ४...वजीर ई७ ५. वजीर×ई४ डी६ ६. डी४ डी×ई५ ७. डी×ई५. गेलं फक्त एक प्यादं. घोडा वाचवायला गेलात तर वजीर जातो. एक मोहरं मागे असाल तर वजीर पटावर राहू द्या, मोहऱ्यांची अदलाबदल टाळा, किल्लेकोट करून घ्या आणि समोरच्याला विचार करायला लावतील अशाच चाली शोधा. पुढे असलेला खेळाडू घाईत असतो, त्याचंही एखादं मोहरं बेवारस राहतंच.